कॉन्सल कॅमेरॉन : दोन लढायांतून सुटला, एका पत्रात अडकला

चिंचपोकळीकर (धागाकर्ता)

परवा मुंबई बंदराच्या जुन्या संरक्षण नौकांबद्दल काहीतरी शोधत होतो. त्यात दोन नावं सापडली : 'मॅग्डाला' आणि 'ॲबिसिनिया'. लोखंडी चिलखताच्या, फिरत्या बुरुजांत तोफा बसवलेल्या, खास मुंबईच्या राखणीसाठी बांधलेल्या या नौका. मनात आलं, आपल्या बंदरावरच्या रखवालदारांना इथिओपियाचं जुनं नाव आणि तिथल्या एका डोंगरी किल्ल्याचं नाव कशाला? उत्तर शोधता शोधता चार रात्री गेल्या आणि शेवटी एका माणसापाशी येऊन थांबलो. कॅप्टन चार्ल्स डंकन कॅमेरॉन, ब्रिटनचा ॲबिसिनियातला कॉन्सल, म्हणजे सरकारी प्रतिनिधी.

माणूस मुळात शिपाईगडी. वडील कर्नल, नेपोलियनविरुद्ध स्पेन-पोर्तुगालच्या मोहिमांत लढलेले. मुलगा १८४६ साली ४५व्या पलटणीत दाखल झाला आणि लगेच दक्षिण आफ्रिकेतल्या काफिर युद्धात गेला (नाव तेव्हाचं आहे, माझं नाही). १८५१ला लष्कर सोडून नाताळमध्ये राहिला. क्रिमियन युद्ध पेटल्यावर पुन्हा कंबर कसून १८५५ साली तुर्कस्तानच्या पूर्व टोकाला, कार्सच्या मोहिमेत जनरल विल्यम्सच्या हाताखाली पोचला. एर्झुरुमच्या तटबंदीच्या कामावर होता. दोन्ही युद्धांची पदकं मिळाली. मग काळ्या समुद्राकाठी पोती नावाच्या बंदरात व्हाइस कॉन्सल आणि १८६०मध्ये ॲबिसिनियाची नेमणूक.

ही जागा रिकामी का झाली होती तेही सांगतो. आधीचा कॉन्सल वॉल्टर प्लाउडेन ॲबिसिनियाचा सम्राट तेवोद्रोस याचा जिवलग होता. १८६०च्या सुरुवातीला गोंदारजवळ बंडखोरांनी त्याला गाठलं, जखमी केलं, आणि काही दिवसांत तो गेला. तेवोद्रोसने त्याचा असा सूड घेतला की शेकडो बंडखोर कापले गेले. राणी व्हिक्टोरियाने आभार म्हणून सम्राटाला पिस्तुलांची जोडी पाठवली. ती घेऊन गेला कॅमेरॉन. ही पिस्तुलं लक्षात ठेवा.

फेब्रुवारी १८६२मध्ये तो लाल समुद्रावरच्या मसावा बंदरात उतरला आणि ऑक्टोबरात सम्राटाच्या छावणीत पोचला. स्वागत जोरात झालं. तेवोद्रोसने राणीला पत्र लिहून त्याच्याजवळ दिलं. मजकूर थोडक्यात असा : मी ख्रिस्ती राजा आहे, तुर्क माझ्या मुलखावर बसलेत, मला माझे वकील तुमच्याकडे पाठवायचे आहेत, वाटेत तुर्क अडवतील तेव्हा त्यांना सुखरूप पोचवायची सोय करा.

पत्र फेब्रुवारी १८६३मध्ये लंडनला पोचलं. परराष्ट्र खात्यात ते बाजूला ठेवलं गेलं. कुणी उत्तरच दिलं नाही.

इकडे कॅमेरॉन सीमेवरच्या बोगोस भागात गेला. तिथल्या ख्रिस्ती लोकांना इजिप्तच्या फौजेचा त्रास होता, त्यात लक्ष घालायला. तिथून पुढे इजिप्तच्या ताब्यातल्या कसाला शहरात गेला आणि परत आला. सम्राटाच्या नजरेने बघा : माझं पत्र घेऊन निघालेला माणूस माझ्या शत्रूच्या घरी राहून, हात हलवत परत आलाय. नोव्हेंबर १८६३मध्ये केरन्स नावाचा तरुण आयरिश माणूस लंडनची टपाल घेऊन आला. तीत सम्राटाला उत्तर नव्हतं, कॅमेरॉनला मात्र हुकूम होता : मसावाला परत जा, त्यांच्या भानगडीत पडू नका.

४ जानेवारी १८६४ला कॅमेरॉनच्या हातापायांत बेड्या पडल्या. त्या वर्षी दोरांनी आवळून त्याचे हालही केले. बाहेर चोरून पाठवलेल्या चिठ्ठीत त्याने कळवलं की राजाच्या पत्राला धड उत्तर येत नाही तोवर सुटकेची आशा नाही. म्हणजे रोग काय आणि औषध काय हे कैद्याने स्वतः लिहून पाठवलं होतं. १८६६च्या वसंतातले थोडे दिवस सोडले तर त्याची सुटका झाली ती थेट ११ एप्रिल १८६८ला, तीही मुंबईहून गेलेल्या फौजेमुळे.

मायदेशी पोचल्यावर त्याच वर्षीच्या डिसेंबरात पेन्शन देऊन मोकळा केला. ३० मे १८७०ला जिनिव्हात वारला.

माझं म्हणणं एवढंच. सगळा दोष 'वेडा राजा' आणि 'आगाऊ कॉन्सल' या दोघांवर टाकायची पद्धत आहे, पण तिसरा आरोपी ते टेबल आहे ज्यावर पत्र पडून राहिलं. तुम्हाला काय वाटतं?

---

बंडू_उवाच

जागा अडवून ठेवतो. पिस्तुलांचं काय झालं ते आधी सांगा, मग जेवायला जातो.

---

चिंचपोकळीकर

@बंडू, १३ एप्रिल १८६८ला इंग्रज फौज तेवोद्रोसच्या मॅग्डाला किल्ल्याच्या दरवाजातून आत शिरली तेव्हा तेवोद्रोसने पिस्तूल तोंडात धरून स्वतःला संपवलं. पिस्तूल तेच, राणीच्या भेटीतलं. म्हणजे कॅमेरॉनने स्वतःच्या हाताने पोचतं केलेलं. आता जेवा.

---

निवृत्त_कारकून

छान लिहिलंय. मी बत्तीस वर्षं आवक-जावक टेबलावर काढली, त्यामुळे हे प्रकरण इतरांपेक्षा वेगळं वाचलं. आमच्याकडे पत्राचं चार प्रकारे होतं : उत्तर देणे, अभिप्रायासाठी दुसऱ्या शाखेकडे पाठवणे, स्मरणपत्राची वाट बघणे आणि 'दप्तरी दाखल'. चौथ्या प्रकारात गेलेलं पत्र वाईट हेतूने जातं असं नाही. कुणाला तरी त्याचं काय करायचं कळत नाही, एवढंच असतं.

लंडनच्या बाजूने विचार करून बघतो. हा राजा तुर्कांविरुद्ध मदत मागतोय. सात-आठ वर्षांपूर्वी क्रिमियात इंग्रज कुणाच्या बाजूने लढले? तुर्कांच्या! इजिप्तचा पाशाही तुर्की सुलतानाचाच मांडलिक. 'हो' म्हणावं तर दोस्त चिडतो, 'नाही' म्हणावं तर राजा चिडतो. अशा वेळी कारकून काय करतो? फाईल खाली सरकवतो. नंतर साहेब विचारतात, तोवर बदली झालेली असते.

आणि यात एक गंमत आहे जी तुम्ही लिहिली पण पुढे नेली नाहीत. कॅमेरॉन स्वतः तुर्कांच्या बाजूने कार्सच्या मोहिमेत होता. त्याच्या छातीवरचं एक पदक तुर्की युद्धाचं! असा माणूस तुर्कांच्या हाडवैऱ्याकडे वकील म्हणून पाठवायचा हे कुणाच्या डोक्यातून निघालं?

---

चिंचपोकळीकर

काका, मान गये. मी हे लिहिलं आणि मलाच दिसलं नाही.

---

मोडी_वाचक

थोडा विरोधी सूर लावतो. कॅमेरॉनला साधुसंत करू नका.

त्याची नेमणूक मसावाची. सम्राटाने पत्र दिलं ते घेऊन किनाऱ्यावर जायचं, टपाल करायची आणि उत्तराची वाट बघायची, इतकं सरळ काम होतं. हा पठ्ठ्या पत्र दुसऱ्याच्या हाती देऊन स्वतः बोगोस, कसाला करत फिरला. त्या भागात कापूस कसा पिकतो, व्यापार कसा चालतो याची चौकशीही करत होता. अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू होतं, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्या कापसाला मोताद झाल्या होत्या, म्हणून चौकशी ठीक. पण ज्या राजाच्या दरबारी तुम्ही वकील आहात त्याच्या शत्रूच्या गावात बसून? आमच्याकडे पेशवाईत कुठला वकील न विचारता निजामाच्या छावणीत महिनाभर राहून आला असता तर नाना फडणीसांनी त्याला पानसुपारी दिली असती का?

मी काही तेवोद्रोसची बाजू घेत नाही. त्याने १८६६ला गोंदार जाळलं, स्वतःच्याच लोकांना कड्यावरून लोटलं. पण त्याचा संशय हवेतून आलेला नव्हता.

---

शाल्मली

मोडी_वाचक, तुमचा मुद्दा बरोबर पण अर्धा. बोगोसला तो कुणाच्या भल्यासाठी गेला? तिथले ख्रिस्ती लोक इजिप्तच्या छाप्यांत सापडत होते, आणि तेवोद्रोसची तक्रार तीच होती. म्हणजे तो राजाचंच काम करत होता. राजाला ते कळलं नाही आणि लंडनला ते नको होतं. दोन्हीकडून मार.

आणि कापसाचा विषय निघालाच आहे तर मुंबईची आठवण काढा. त्याच १८६१ ते ६५मध्ये आपल्याकडे कापसाने लोकांना वेड लावलं होतं, शेअरचा बाजार आकाशाला भिडला आणि १८६५ला आपटला. तिकडे इजिप्तचा कापूसही लँकेशायरला तितकाच हवा होता. इजिप्तला दुखवायचं नाही या सावधपणात मला कापसाचा वास येतो. हा माझा तर्क, पुरावा म्हणून घेऊ नका.

---

बंडू_उवाच

गालिच्याची गोष्ट राहिली की! केरन्सने टपालाबरोबर सम्राटासाठी एक गालिचाही आणला होता. त्यावर चित्र : सिंह आणि त्याच्यावर बंदूक रोखलेला शिकारी. आता इथिओपियाच्या सम्राटाची बिरुदावली म्हणजे 'यहुदाच्या वंशाचा सिंह'. त्याने गालिचा बघितला आणि अर्थ लावला : सिंह म्हणजे मी, आणि हे मला मारायला निघालेत.

भेटवस्तू निवडताना जरा विचार करा मंडळी. आमच्या वन्सबाईंना साडी दिली तेव्हा रंगावरून असाच अर्थ निघाला होता, पण बेड्या पडल्या नाहीत.

---

खडकीवाला

मुंबईच्या फौजेबद्दल थोडं लिहितो, कारण हा भाग आपल्या घरचा.

मोहीम मुख्यतः मुंबई इलाख्याची होती म्हटलं तरी चालेल. सेनापती सर रॉबर्ट नेपियर हा बॉम्बे आर्मीचा सरसेनापती. १३,००० सैनिक, त्यात बहुसंख्य हिंदी, आणि त्यांच्या दुपटीने बाजारबुणगे. जनावरं ४०,०००च्या घरात, त्यात ४४ हत्ती. तोफा हत्तींच्या पाठीवर बांधून डोंगर चढवल्या. सगळा पसारा अदनच्या वाटेने लाल समुद्रातल्या झुलाच्या किनाऱ्यावर उतरला. किनाऱ्यावर पिण्याजोगं पाणी नाही, म्हणून जहाजांवर समुद्राचं पाणी वाफवून गोडं करायचे. झुलापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत बाराएक मैलांचा रेल्वेमार्गही टाकला, रूळ आणि इंजिनं हिंदुस्थानातून नेली. एका कॉन्सलसाठी आणि त्याच्यासारख्याच कैदेतल्या काही मिशनऱ्यांसाठी रेल्वे!

बॉम्बे सॅपर्सना (लष्करातली बांधकामाची पलटण) 'ॲबिसिनिया' हा युद्धसन्मान आहे. त्यांचं मुख्यालय आमच्या खडकीत. लहानपणापासून त्या भिंतीजवळून सायकलने जातोय, पण हा सन्मान एका बेड्या घातलेल्या कॉन्सलमुळे मिळाला हे आज कळलं.

प्रत्यक्ष लढाई १० एप्रिलला अरोगीच्या पठारावर झाली. इथिओपियन सातशेच्या आसपास मेले, इकडे वीसेक जखमी झाले आणि त्यांतले दोघे नंतर गेले. नव्या पाठीमागून भरायच्या बंदुकांपुढे भाले-ढाली. याला लढाई म्हणायची का, तुम्हीच ठरवा.

---

दर्यावर्दी

@खडकीवाला, सुटका लढाईनंतर दुसऱ्याच दिवशी झाली, पण लढाईमुळेच असं म्हणता येईल का? हे पुस्तकी लढाईखोर विसरतात. तेवोद्रोसने कैदी सोडले, मग नेपियरला हजारभर गाई आणि पाचशे मेंढ्या पाठवल्या. त्याच्या समजुतीप्रमाणे भेट स्वीकारली म्हणजे तह झाला. नेपियरने ती शेवटी नाकारली. मग सोमवारी हल्ला. कैदी छावणीत सुखरूप बसलेले असताना किल्ला चढला गेला, हे लक्षात घ्या.

---

मोडी_वाचक

आणि नंतर लूट. पंधरा हत्ती आणि दोनशेच्या आसपास खेचरं लागली लुटीचा माल वाहायला. ब्रिटिश म्युझियमचा माणूस फौजेबरोबर होताच, हस्तलिखितं वेचायला. मोहीम कैद्यांना सोडवायची आणि परतीच्या सामानात चर्चचे चषक. हे वाचून मला कॅमेरॉनची कीव कमी आणि मॅग्डालाच्या भिक्षूंची जास्त येते.

सम्राटाचा सातेक वर्षांचा मुलगा अलेमायेहू इंग्लंडला नेला. १८७९ला वारला, विंडसरला पुरलाय. त्याच्यावर वेगळा धागा हवा.

---

निवृत्त_कारकून

खर्च कुणी दिला ते कुणीच विचारलं नाही, म्हणून मीच लिहितो. अंदाज होता २० लाख पौंडांचा, बिल आलं ९० लाखांच्या जवळ. आणि संसदेने ठरवलं की हिंदी पलटणींचा नेहमीचा पगार हिंदुस्थानच्या तिजोरीतूनच जाईल, ब्रिटन फक्त जादा खर्च देईल. म्हणजे आपली पलटण, आपला पगार आणि सुटका त्यांच्या कॉन्सलची.

दादाभाई नौरोजी तेव्हा लंडनला होते. नोव्हेंबर १८६७मध्ये त्यांनी ईस्ट इंडिया असोसिएशनपुढे ॲबिसिनियाच्या युद्धखर्चावर निबंधच वाचला. असोसिएशन स्थापन होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. पुढे दादाभाईंनी संपत्तीच्या निस्सारणाचा जो हिशेब मांडला, त्याच्या सुरुवातीच्या नोंदींत कॅमेरॉनच्या बेड्यांची किंमत आहे असं म्हटलं तर चूक नाही. एका पत्राचं उत्तर द्यायला किती खर्च आला असता? टपालखर्च धरून सांगा.

---

शाल्मली

अदनचा भाग जोडते, कारण तोही आपल्या इलाख्याचाच.

अदन तेव्हा मुंबई सरकारच्या ताब्यात होतं. उत्तर शेवटी तयार झालं १८६४ला, आणि ते घेऊन निघाला तो अदनचा अधिकारी होर्मुझ रस्साम. मूळचा मोसुलचा. निनेवेत गिलगामेश या प्राचीन महाकाव्याच्या मातीच्या विटा शोधून काढणाराही हाच. याला मसावात वर्षाहून जास्त ताटकळावं लागलं, सम्राटाकडून बोलावणंच येईना. जानेवारी १८६६ला तो भेटला. बरोबर दोन माणसं : बॉम्बे आर्मीचा डॉक्टर ब्लांक आणि लेफ्टनंट प्रिडो. काही महिन्यांत हे तिघेही कैदेत. सोडवायला गेले आणि संख्या वाढवून बसले. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच!

बिचाऱ्या कॅमेरॉनचा त्रास इथेही संपत नाही. रस्साम गोड बोलण्यात पटाईत, सम्राटाचा लाडका झाला. दोन वर्षं बेड्या घालून बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर हा नवा पाहुणा भेटी घेतोय. नंतर लंडनला रस्सामला सरकारने ५,००० पौंड बक्षीस दिलं. कॅमेरॉनच्या वाट्याला पेन्शन.

---

हबसाणकर

उशिरा आलो. धाग्याशी थेट संबंध नाही पण शब्दावरून राहवलं नाही. मी मुरूडचा. जंजिऱ्याच्या संस्थानाला आमचे आजोबा 'हबसाण' म्हणायचे, कारण सिद्दी म्हणजे हबशी आणि हबशी म्हणजे ॲबिसिनियाचे. अहमदनगरच्या निजामशाहीचा मलिक अंबरही तिकडचाच, गुलाम म्हणून विकला गेलेला. म्हणजे नेपियरची फौज मुंबईहून ज्या मुलखात निघाली, तिथले लोक दोन-तीनशे वर्षांपूर्वीच आमच्या किनाऱ्यावर राज्य करून बसले होते. पलटणीतल्या कुणा कोकणी शिपायाच्या डोक्यात हे आलं असेल का? जंजिरा बघून बोटीत चढलेला एखादा तरी असेलच.

---

मोडी_वाचक

@शाल्मली, पेन्शनचा मुद्दा मान्य. माझा आक्षेप त्याच्या वागण्यावर आहे, त्याच्या वाट्याला आलेल्या न्यायावर नाही. संसदेत प्रश्न विचारले गेले तेव्हा खात्याने 'त्याने मसावा सोडायलाच नको होतं' हे पुढे केलं. सोडायला नको होतं हे खरंच. पण सम्राटाला पिस्तुलं द्यायला त्याला आत पाठवणारं खातं तेच ना? भेट द्यायला जा, पण आत जाऊ नको! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. हा संन्यासी अगदी निर्दोष नव्हता इतकंच माझं म्हणणं.

---

चिंचपोकळीकर

सगळ्यांचे आभार. मोडी_वाचक, तुम्ही शेवटी माझ्याच बाजूला आलात हे कुणाला सांगणार नाही.

एक गोष्ट राहिली, तीच मला इथवर घेऊन आली होती. तारखा जुळवून बघितल्या. 'ॲबिसिनिया' आणि 'मॅग्डाला' दोन्ही नौका १८७०च्या पहिल्या तीन महिन्यांत पाण्यात उतरल्या. कॅमेरॉन त्याच वर्षी मे महिन्यात जिनिव्हात गेला. नेपियरला 'मॅग्डालाचा लॉर्ड' ही पदवी मिळाली, किल्ल्याचं नाव जहाजाला मिळालं, देशाचं नाव दुसऱ्या जहाजाला. ज्याच्यामुळे हे सगळं घडलं त्याचं नाव एखाद्या होडीलाही नाही.

---

दर्यावर्दी

नौकांचं पुढे सांगतो. तीसेक वर्षं दोन्ही मुंबई बंदरातच होत्या. शत्रूवर एकदाही तोफ डागली नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भंगारात विकल्या.

---

बंडू_उवाच

आणि पत्र?

---

निवृत्त_कारकून

भंगारात जात नाही. दप्तरी दाखल आहे.